फंडाच्या पैशाने बोअर मारू नका

गणपती-दिवाळीला चाकण, भोसरी, रांजणगावकडची मंडळी गावी आली की पारावर हल्ली एक विषय हमखास निघतो. "बास झालं आता. पंचेचाळिशीला नोकरी सोडायची, फंड काढायचा आणि गावी येऊन बाग लावायची." सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या भागात फिरताना महिन्यातून दोन-तीन तरी माणसे आम्हा कृषी खात्याच्या लोकांना गाठून हेच विचारतात. पूर्वी हा विचार अठ्ठावन्न-साठीला आलेले लोक करायचे. आता पस्तिशी-चाळिशीतले करतात. विचारणे असते ते शेतीचे. डाळिंब लावू का पेरू? गायी बऱ्या का शेळ्या? मी उलट विचारतो, "दादा, नोकरी सोडल्या दिवसापासून अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत घरात किराणा कशावर येणार?" इथे गप्पा जरा थांबतात. "फंड आहे की!" असे उत्तर येते. आणि त्याच फंडातून बोअर, ठिबक, रोपे, शेततळ्याचा कागद हे सगळे व्हायचे असते.

नोकरी लवकर सोडण्याला माझा विरोध नाही, हे आधी सांगून टाकतो. वीस-वीस वर्षे लाईनवर उभे राहून कंबर गेलेली माणसे मी पाहतो. गावी आई-वडील थकलेले, रान पडीक, आणि तिकडे ठेकेदारीने पगार जागच्या जागी. अशा माणसाने परत यावे, आणि तो आला की गावाचा फायदाच होतो. कारखान्यात हिशेब आणि शिस्त शिकलेला माणूस शेतात फवारणीची नोंद ठेवतो, हे मी स्वतः पाहिले आहे. माझे म्हणणे एवढेच की म्हातारपणासाठी साठवलेला पैसा हा शेतीचे भांडवल नव्हे. तो नोकरी सोडलेल्या वर्षांचा पगार आहे. आणि हा पगार सगळ्या खात्यांतून एकाच दिवशी निघत नाही. कोणत्या खात्याचे कुलूप कोणत्या वर्षी उघडते हे कागदावर मांडल्याशिवाय राजीनामा लिहू नये.

एक उदाहरण सांगतो, नाव आणि गाव लिहीत नाही. भोसरीच्या एका कारखान्यात अठरा वर्षे काम करून हे गृहस्थ बेचाळिसाव्या वर्षी गावी आले. फंडाचे अकरा लाखांच्या आसपास मिळाले. चार एकर डाळिंब लावले. दोन बोअर कोरडे गेले, तिसऱ्याला दीड इंच पाणी लागले. शेततळे झाले, तारेचे कुंपण झाले. डाळिंबाला पहिला बहार धरायला दोन-अडीच वर्षे लागतात, तोवर घर फंडाच्याच उरलेल्या पैशावर चालले. पहिला बहार बरा गेला. दुसऱ्या वर्षी पावसाने तेल्या आला, पाठोपाठ खोडकिडीने झाडे वाळू लागली. ज्यांनी सांगोला-आटपाडीकडच्या बागा त्या काळात उपटताना पाहिल्या आहेत, त्यांना जास्त सांगायला नको. आज हे गृहस्थ पुन्हा चाकणला आहेत, ठेकेदाराकडे, आधीच्या निम्म्या पगारावर. जमीन आहे, पण अठरा वर्षांचा फंड बोअरच्या दोन कोरड्या भोकांत आणि वाळलेल्या खोडांत गेला. लागवड चुकली असे मी म्हणणार नाही, लागवड व्यवस्थित होती. पीक जाणे हे शेतीत धरूनच चालावे लागते. म्हातारपण त्याच पिकाला बांधले, ही चूक.

तेच अकरा लाख हात न लावता राहिले असते तर? कर्मचारी भविष्य निर्वाह निधीला २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी ८.२५ टक्के व्याज मिळाले. हाच दर सोळा वर्षे राहिला असे धरले, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी ते ३९ लाखांच्या घरात गेले असते. दर पुढे हाच राहील याची हमी कोणी देत नाही. शिवाय नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर उत्पन्नकर लागतो, तो यात धरलेला नाही. तरीही फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे.

कुलपे वेगवेगळी, किल्ल्या वेगवेगळ्या

खाजगी नोकरीतल्या माणसाच्या पगारातून मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के कापले जातात, तेवढेच मालक घालतो. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, आणि तेही १५ हजारांच्या पगारमर्यादेपर्यंतच, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५०. आपल्याकडे बहुतेकांना ही पेन्शन वेगळी आहे हेच ठाऊक नसते. "फंड" म्हटले की सगळे एकच गाठोडे वाटते.

या पेन्शनचा हिशेब सोपा आहे. पेन्शनयोग्य पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७०. पगार १५ हजार आणि नोकरी अठरा वर्षे असेल तर महिन्याला ३,८५७ रुपये बसतात, तेही अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर. पन्नाशीनंतर आधी मागता येते, पण जितकी वर्षे आधी घ्याल तितक्या वर्षांना दर वर्षी ४ टक्के कपात. पन्नासाव्या वर्षीच घेतली तर पाव हिश्श्याहून जास्त रक्कम जन्मभरासाठी गेली. लवकर नोकरी सोडणारे नेमके हेच करतात, कारण हात रिकामा असतो. आणि एकूण दहा वर्षांची नोकरी भरली नसेल तर महिन्याची पेन्शन मुळीच मिळत नाही.

या दहा वर्षांबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण यातच आपल्या भागातल्या पोरांचे सर्वांत जास्त नुकसान होते. एका ठेकेदाराकडे तीन वर्षे, दुसऱ्याकडे अडीच, मग कंपनीत चार. प्रत्येक वेळी जुने खाते मोडून पैसे काढून घेतले. तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानावर "पीएफ काढून मिळेल" अशी पाटी लावून बसलेली मंडळी आहेतच. साडेनऊ वर्षे घाम गाळूनही पेन्शनच्या हिशेबाने हा माणूस दर वेळी शून्यापासून सुरू होतो. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला एकच कायमचा खाते क्रमांक मिळतो. जुनी खाती त्याला जोडून घेतली की सगळी नोकरी एकत्र धरली जाते. नोकरी मध्येच सुटली आणि पुढे पुन्हा लागेल असे वाटत असेल, तर पेन्शनचे पैसे काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र मागून घ्यावे. त्यावर झालेली वर्षे लिहिलेली असतात आणि पुढच्या नोकरीत ती मिळवली जातात. एका कागदाचे काम आहे, पण करणारा शंभरात सापडत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याचे नियम बदलायचे ठरवले. खात्यात किमान २५ टक्के राखायचे, नोकरी सुटल्यावर पाऊण रक्कम लगेच घेता येणार आणि पूर्ण रक्कम मात्र बारा महिन्यांनी. आधी दोन महिन्यांत सगळे मिळत असे. यावर पारावर बरीच ओरड ऐकली. "आमचाच पैसा आम्हाला द्यायला यांचं काय जातं?" नोकरी गेलेल्या, घरी आजारपण असलेल्या माणसाच्या तोंडचा हा प्रश्न रास्त आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण आपण होऊन नोकरी सोडून शेतीला येणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा निर्णय मला पटतो. बारा महिन्यांत एक खरीप आणि एक रब्बी जाते. तेवढ्यात बोअर मारण्याची घाई उतरलेली असते.

पोस्टातले जुने खाते

मधल्या वर्षांसाठी सर्वांत उपयोगाचे खाते म्हणजे पीपीएफ, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी. १९६८ पासून ही योजना आहे. आपल्याकडे ती शाळामास्तरांची आणि बँकवाल्यांची समजली गेली, शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या घरात फारशी शिरली नाही. वास्तविक ती कोणालाही उघडता येते, नोकरी असो वा नसो. वर्षाला कमीत कमी ५०० रुपये आणि जास्तीत जास्त दीड लाख. एप्रिल २०२० पासून व्याज ७.१ टक्के चालत आले आहे. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करते. व्याजावर कर नाही. मुदत पंधरा वर्षांची, आणि लोक इथेच तोंड फिरवतात. "पंधरा वर्षं कोण थांबतंय!" अहो, आंबा लावताना थांबता, नारळ लावताना थांबता, मग इथे काय झाले?

आता गणित पाहा. तिशीतला कामगार दर वर्षी एप्रिलच्या ५ तारखेच्या आत ६० हजार भरत गेला, तर आजच्या दराने पंधरा वर्षांनी सुमारे १६ लाख २७ हजार होतात. भरले ९ लाख. पाच तारखेचे महत्त्व असे की त्या महिन्याचे व्याज ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर धरतात. सहा तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचे व्याज नाही. एकदम साठ हजार जमत नसतील तर महिन्याला पाच हजार भरा, बेरीज थोडी कमी होईल, पण चालेल.

मुदत संपली की हे पैसे एकरकमी उचलून आणायची सक्ती नाही. काहीच न भरता खाते पुढे चालू ठेवता येते, शिलकेवर व्याज मिळत राहते, आणि दर आर्थिक वर्षात एकदा हवी ती रक्कम काढता येते. आपल्याकडे सालगड्याचे साल पाडव्याला ठरते. तसे करायचे. दर वर्षी एकदा, पाडव्याच्या सुमारास, खात्यातून घराचे साल काढायचे आणि त्यात वर्ष भागवायचे. वर सांगितलेल्या १६ लाख २७ हजारांतून वर्षाला दोन लाख काढले आणि व्याजाचा दर हाच राहिला, तर रक्कम अकरा वर्षे पुरते. म्हणजे सेहेचाळिसाव्या वर्षी सोडलेला माणूस सत्तावन्नाला पोचतो. अठ्ठावन्नाला फंड आणि पेन्शन दोन्ही उघडतात. दीड लाखच काढले तर अठरा वर्षे पुरते. आपल्या हाताने आपल्यालाच सालगडी ठेवायचे म्हणा ना! मालकही आपण आणि गडीही आपण, त्यामुळे उचल मागायची सोय नाही.

अर्थात पंधरा वर्षांनी दोन लाखांना आजची किंमत राहणार नाही. दहा वर्षांपूर्वीचा पेंडीचा दर आणि आजचा दर ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. म्हणून पगारवाढ झाली की भरणाही वाढवावा, दीड लाखाच्या मर्यादेपर्यंत. शिवाय बायकोच्या नावाने वेगळे खाते उघडता येते.

मध्येच अगदी नड आली तर सातव्या वर्षापासून काही भाग काढता येतो, चार वर्षांपूर्वीच्या किंवा मागच्या वर्षअखेरच्या शिलकेपैकी जी कमी असेल तिच्या निम्म्यापर्यंत. ही सोय असली तरी ती आजारपणासाठी ठेवावी. ठिबकच्या नळ्यांसाठी खाते पोखरू नये.

पोस्टाची मासिक प्राप्ती योजनाही या मधल्या काळात कामाला येते. एका नावावर ९ लाखांपर्यंत ठेवता येतात, ७.४ टक्के दराने पूर्ण रकमेवर महिन्याला ५,५५० रुपये हातात येतात. ज्येष्ठ नागरिकांची योजना जास्त व्याजाची, पण ती साठीनंतरची. सेवानिवृत्त किंवा स्वेच्छानिवृत्त झालेल्यांना पंचावन्नपासून. पंचेचाळिशीच्या माणसाला तिचा उपयोग नाही.

मग भांडवल कोठून आणायचे?

हा प्रश्न येणारच. याचे उत्तर माझ्या खात्याचे आहे, म्हणून जरा अधिकाराने सांगतो.

महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याज पडत नाही. केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून ते शून्यावर येते. काही बँका व्याज आधी वसूल करतात आणि सवलत नंतर खात्यावर येते, तिची वाट पाहावी लागते, हे खरे. पण विचार करा, सव्वाआठ टक्के मिळवणारा पैसा मोडून आपण खते-औषधे आणतो आणि बिनव्याजी मिळणारा पैसा बँकेत पडून राहतो. हा कोणता व्यवहार? ठिबकसाठी अल्प आणि अत्यल्प भूधारकांना ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. फळबागेला भाऊसाहेब फुंडकर योजना आहे, तिचे अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी मिळते. अर्ज महाडीबीटीवर करायचे असतात आणि नंबर लागायला वेळ लागतो. म्हणून हे सगळे नोकरीत असतानाच सुरू करावे, नोकरी सोडल्यावर नव्हे.

आणि इथे सर्वांत मोठी अडचण सातबाऱ्याची. वीस वर्षे बाहेर राहिलेल्या माणसाची जमीन बहुधा अजून वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या नावावर असते. वाटणी झालेली नाही, फेरफार झालेला नाही. पीककर्ज नाही, अनुदान नाही, विमा नाही. मग एकच पैसा मोकळा उरतो तो म्हणजे फंड, आणि तो जमिनीत जातो. तीही भावकीच्या नावावरच्या. नोकरी सोडण्याच्या किमान दोन वर्षे आधी तलाठ्याकडचे हे काम उरकून घ्या. शेतीचा सल्ला म्हणून मी देत असलेल्या सल्ल्यांत हा पहिला आहे. डाळिंब का पेरू हे नंतर बघू.

रोख भांडवल लागतेच, तर ग्रॅच्युइटी आहे. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २० हजार आणि नोकरी अठरा वर्षे असेल तर १५ दिवसांच्या हिशेबाने २ लाख ७ हजारांच्या वर मिळते. रजेचे पैसे असतात. ते शेतीत घाला. बुडाले तर वाईट वाटेल, पण घर उभे राहील. ग्रॅच्युइटी शेताला आणि फंड घराला, अशी सरळ वाटणी करून ठेवलेले एक कारखान्यातले क्लार्क आमच्या भागात आहेत. नोकरीत असतानाच सात वर्षे दर आठवडी सुटीला येऊन त्यांनी दोन एकर पेरू उभा केला, ठिबकचा खर्च पगारातून केला आणि बाग स्वतःचा खर्च भागवू लागल्यावर राजीनामा दिला. मध्यंतरी दोन हंगाम दर पडले. त्यांनी रेट कमी आला म्हणून तक्रार केली, पण पोराची फी थांबली नाही.

काही जण म्हणतील, शेतीत चांगल्या वर्षी पैसे दुप्पट होतात, मग सात-आठ टक्क्यांत काय अडकून पडायचे? होतात की दुप्पट, मी नाही म्हणत नाही. पण जमीन, घरच्यांचे कष्ट, जनावरे, उद्याची उमेद हे सगळे आधीच त्या एकाच पिकावर लावलेले आहे. २०२० च्या टाळेबंदीत दुधाचे दर कोसळले तेव्हा गोठ्यातली गाय चारा मागायची थांबली नव्हती. ज्या घरात दुसरीकडून महिन्याला काही येत होते त्यांनी गायी सांभाळल्या, बाकीच्यांनी बाजार दाखवला.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. फंडातली आणि पीपीएफमधली शिल्लक सावकाराच्या किंवा बँकेच्या वसुलीच्या दाव्यात न्यायालयाच्या हुकमाने जप्त करता येत नाही. कायद्याने या पैशाला हे कवच दिले आहे. ट्रॅक्टर ओढून नेता येतो, जमिनीवर बोजा चढतो. खात्यातला हा पैसा मात्र शाबूत राहतो. तो काढून शेतात ओतला की कवचही गेले. कर्जाने खचलेल्या घरांत आपल्याकडे काय काय घडते ते या पानावर दर आठवड्याला छापून येते. अशा घरातल्या बाईसाठी आणि लेकरांसाठी हा एक कोपरा सुरक्षित राहणे, ही साधी बाब नाही.

सरकारी नोकरांसाठी

१ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही. मीही त्यातलाच. पगारातून १० टक्के कापले जातात, शासन १४ टक्के घालते. मार्च २०२३ च्या संपात जुन्या पेन्शनच्या घोषणा सगळ्यांनी ऐकल्या. तो विषय मोठा आहे, इथे नको. पण जे शिक्षक, ग्रामसेवक, आमच्या खात्यातले मित्र मध्येच नोकरी सोडायचे बोलतात त्यांनी एक लक्षात घ्यावे. राजीनामा देऊन राष्ट्रीय पेन्शन योजनेतून मुदतीआधी बाहेर पडले, तर खात्यातल्या किमान ८० टक्के रकमेची विमा कंपनीकडून पेन्शन विकत घ्यावी लागते आणि हातात उरतात २० टक्के. साठीला निघाले तर ६० टक्क्यांपर्यंत रक्कम हातात येते. घाई नसेल तर खाते तसेच चालू ठेवून साठीची वाट पाहता येते. म्हणजे मधल्या वर्षांसाठी पुन्हा पीपीएफच हवे. जुन्या पेन्शनवाल्यांनी वीस वर्षे भरल्याशिवाय आणि तीन महिन्यांची रीतसर नोटीस दिल्याशिवाय कागदाला हात लावू नये. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती हे दोन वेगळे शब्द आहेत. रागाच्या भरात पहिला लिहिला की मागची सगळी सेवा पाण्यात जाते.

घरच्या बाईला यातले काहीच माहीत नसते, हे मला सर्वांत खटकते. एका गावी शेतीशाळेत एका वहिनींनी बाजूला घेऊन विचारले, "साहेब, ह्यांचं फंडाचं खातं असतं कुठं? कागद कोणता?" नवरा शेजारीच फवारणीचे प्रात्यक्षिक पाहत होता. नोकरी सोडून आल्यावर खुरपणी, धार, जनावरे यांतला निम्म्याहून जास्त भार तिच्यावरच येतो. खाते क्रमांक, पासबुके आणि प्रत्येक खात्यावर वारस म्हणून कोणाचे नाव आहे, हे एका वहीत लिहून ती वही तिच्या हाती द्यावी. लग्नाआधी उघडलेल्या खात्यांवर अजून आईचे किंवा भावाचे नाव असते, तेही तपासावे. ईएसआयचे कार्ड नोकरीबरोबर जाते, तेव्हा आजारपणाच्या विम्याचे काय, हाही हिशेब तिच्याशी बसूनच करावा.

ज्यांना आजच सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी शेवटची माहिती. पीपीएफची पंधरा वर्षे खाते उघडल्याच्या तारखेपासून मोजत नाहीत. ज्या आर्थिक वर्षात उघडले ते वर्ष संपल्यापासून मोजतात. मार्च २०२६ मध्ये उघडलेले खाते १ एप्रिल २०४१ ला पिकते, पण तेच एप्रिल २०२६ मध्ये उघडले तर १ एप्रिल २०४२ ला. महिनाभराच्या आळसाने एक वर्ष पुढे. म्हणून पैसे कमी असले तरी ३१ मार्चच्या आत ५०० रुपयांवर खाते उघडून ठेवावे, मोठा भरणा पुढे करता येतो. पोस्टात जाताना आधार, पॅन, दोन फोटो आणि वारसाचे नाव-पत्ता बरोबर न्यावा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खिडकीवर गर्दी असते, त्याआधी गेलेले बरे.